पहिला हात नायकाचा

देवसिंग नायकाने भर दुपारी घराचं दार आतून लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून तो उभा राहिला. तांड्यात दिवसाढवळ्या दार लावायची रीत नाही. त्यातून नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचं दार तर सगळ्यांचंच, कोणीही यावं आणि पाणी पिऊन जावं. धनीबाई ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काहून? वाघ आला काय मागं?"

"हळू बोल," नायक कुजबुजला. "टोचणीवाले आले."

बाभुळगावच्या वाटेने दोघे येताना त्याने वावरातूनच पाहिले होते. एकाच्या अंगात खाकी कोट, डोक्याला टोपी, दुसऱ्याच्या हातात पत्र्याची पेटी. तेवढं पाहून त्याने चालतं वखर गडी हिरासिंगच्या हवाली केलं आणि तो घराकडे धावत सुटला होता.

साल त्रेसष्टचं. गावोगाव देवीची लस टोचत सरकारी माणसं फिरत होती. ती टोचणी देवसिंगने बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. बोटाएवढी दांडी, खाली दात असलेली चकती. ती दंडावर टेकवायची आणि पिळायची. ते पिळणं आठवलं की तो आपला दंड झाकून घेई. हाच माणूस कडब्याच्या गंजीतून साप शेपटीला धरून ओढून काढत असे, पण भीती कोणाला विचारून येत नाही.

बरं, गुपचूप पळून जावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. पेरणी असो की होळी, नायकाच्या आधी कोणी हात लावायचा नाही, हा तांड्याचा कायदा. टोचणीचा विषय बैठकीत निघाला तेव्हा साऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मिशीवर हात फिरवत तो बोलून गेला की पहिला हात माझा. त्यानंतर आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. साऱ्या तांड्यासमोर आपण ओरडलो तर उद्या आपला शब्द कोण मानणार, या धास्तीने त्याला पोखरलं होतं.

धनीबाई म्हणाली की नायक गावाला गेले असं सांगून टाकते. पण धावताना हिरासिंगने पाहिलं होतं, ते कसं झाकणार? तेव्हा नायकाने खाली मान घालून कबूल केलं की त्याने बंदोबस्त आधीच केला आहे. येता येता कडुलिंबाचा डहाळा तोडून त्याने बाहेरून दाराला बांधला होता.

धनीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या घरात देवीचा रोगी, त्या घराला लिंब बांधतात, आणि मग परका माणूस त्या दारात पाऊल टाकत नाही. टोचणीवाले अशीच दारं शोधत फिरतात, हे मात्र त्या घाईत नायकाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"देवीच्या नावानं खोटं?" तिने कानाला हात लावले. "आई कोपली म्हंजे?"

हा विचारही नायकाने केला नव्हता. आता पुढून टोचणी आणि मागून देवी, असा तो मधोमध सापडला. त्याने घाईघाईने एक नारळ कबूल केला, मग दोन केले. चुलीपाशी बसलेली त्यांची मुलगी जमनी आईबापाकडे आळीपाळीने बघत होती.

एवढ्यात पावलं वाजली आणि अंगणात येऊन थबकली. डहाळा कामाला आला असं वाटून नायकाने श्वास सोडला, तोच शेजारच्या म्हाताऱ्या नंदाबाईचा आवाज आला. "लिंब कायले बांधला वो धनीबाई? कोणाले आली देवी?"

धनीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. पोटच्या पोरीचं नाव रोगासाठी घ्यायला तिची जीभ रेटेना. "यायलेच, नायकाले," ती दाराआडून म्हणाली.

झालं. हा हा म्हणता अर्धा तांडा अंगणात जमला. हिरासिंग वावरातून धावत आला आणि सायकल काढून दवाखान्याच्या रस्त्याला लागला. नंदाबाईने डोळ्याला पदर लावला. "चांगला होता वो नायक," ती म्हणाली. आत नायकाने तिसरा नारळ कबूल केला.

मग अंगणात थबकलेल्या त्या दोघांपैकी एकाचा आवाज ऐकू आला. "चाल, देवीलाल. देवी आलेल्या घरची पोरगी करायची म्हंजे वरीसभर थांबा लागते. पोरासाठी दुसरं घर पाहू."

तो आवाज देवसिंगने ओळखला. तो फुलसिंग होता, नेरकडच्या तांड्याचा नायक. त्याचा मुलगा शाळेत मास्तर. जमनीसाठी हे स्थळ जुळावं म्हणून देवसिंग दोन वर्षं निरोप धाडत होता. फुलसिंगाचा साला देवीलाल पेटी घेऊन सोबत आला होता, आणि तिच्यात गूळ-खोबऱ्याशिवाय काही नव्हतं. देवसिंगने चुलीकडे पाहिलं. जमनीने सगळं ऐकलं होतं. भाकर थापता थापता तिचे हात थांबले.

दार उघडलं तर तांड्यासमोर फजिती, नाही उघडलं तर पोरीचं नशीब दारातून परत जाणार. पण पोरीच्या त्या थांबलेल्या हातांकडे त्याच्याने बघवेना. त्याने कडी काढली.

अंगणातली माणसं चार पावलं मागे सरली. नायक धडधाकट बाहेर आला, त्याने डहाळा ओढून काढला आणि फुलसिंगाला हात जोडून गोठ्याच्या आडोशाला बोलावलं. तिथे त्याने एका दमात सगळं खरं सांगून टाकलं. मला काय हसायचं ते हसा, पण सोयरीक मोडू नका, असं सांगून त्याने पुन्हा हात जोडले.

फुलसिंग हसला नाही. त्याने मागे वळून कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. "आमच्या तांड्यात त्यायची जीप सकाळपासून उभी हाय," तो हळूच म्हणाला. "आमच्यातबी पहिला हात नायकाचाच. मी पोराचा कोट-टोपी घातली, पागोटं घरी ठेवलं आन् मागल्या वाटंनं निंघालो. मंग म्हनलं, निंघालोच हाय त सोयरीक तरी पाहून घेऊ."

आठ दिवसांत पहिल्यांदाच देवसिंगच्या छातीवरचं ओझं उतरलं. परत येऊन त्याने तांड्याला सांगितलं की लिंब नुसता खबरदारी म्हणून बांधला होता, धनीबाई उगाच घाबरून बोलून गेली. अंगणात खाट टाकली, पाणी झालं, पेटीतला गूळ ताटात निघाला.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली. जीप आली आणि जीपमध्ये पुढेच हिरासिंग बसलेला. नायक सापडत नाही म्हणून नेरकडच्या तांड्यात कोणीच हात पुढे केला नव्हता. टोचणीवाले कंटाळून परत निघाले आणि हिरासिंग त्यांना वाटेतच भेटला. रोगी कोणी नाही हे कळल्यावर त्यांच्यातला वयस्क होता तो रागावला नाही. उलट, सगळे जमलेच आहेत तर टोचून घेऊ, असं म्हणून त्याने पेटी उघडली आणि पहिला कोण, ते विचारलं.

"पहिला मान पाहुण्याचा," देवसिंग अदबीने म्हणाला.

"असं कसं? घर तुमचं, तांडा तुमचा," फुलसिंग त्याहून अदबीने म्हणाला. "तुमच्या आगुदर मी हात काढला त लोक काय म्हनतीन?"

एकमेकांना मान देण्यात बराच वेळ गेला. दोन नायकांचा हा मोठेपणा पाहून लोक माना डोलावत होते. शेवटी टोचणीवाल्यांनीच दोघांना एका खाटेवर शेजारी शेजारी बसवलं आणि दोन बाजूंनी दोघे उभे राहिले. देवसिंगने डोळे घट्ट मिटले आणि चाचपडत फुलसिंगाचा हात धरला. फुलसिंगाने तो त्याहून जोरात आवळला.

दोन्ही नायकांनी हातात हात दिला, म्हणजे सोयरीक पक्की झाली, असं समजून नंदाबाईने गूळ वाटायला घेतला. जमनी लाजून आत पळाली. नायकांचे हात झाले तशी तांड्याची रांग लागली आणि निम्मी संपलीसुद्धा.

धनीबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "झालं ना कवाचंच. सोडा आता त्यायचा हात."

"आगुदर त्यायले सोडू दे," देवसिंग डोळे मिटूनच म्हणाला.