एकवीस दिवसांचं पाणी

स्वयंपाकघरात अकरा पातेली, नऊ तांबे, सात डबे, तीन कुकर आणि एक कढई होती. एकूण एकतीस. एखादं तरी रिकामं सापडेल म्हणून दीपश्रीने दोनदा मोजली. सगळी काठोकाठ भरलेली. साडेनऊ वाजले होते, आणि साडेबाराला हुबळीच्या विद्यानगरातून तिचं होणारं सासर जेवायला, म्हणजे खरं तर लग्नाची तारीख ठरवायला, येणार होतं.

"आई, भात कशात लावू?"

"पाण्याला हात लावायचा नाही!" जयलक्ष्मीबाईंनी फोन पुढे धरला. "आजपासून एकवीस दिवस धारवाडात पाणी बंद. बातमी आलीय. काल शेजारच्या कौसल्याबाईंच्या बोअरवरून भरून घेतलं म्हणून वाचलो."

धारवाडातल्या त्यांच्या मळमड्डी भागात नळ पाच दिवसांतून एकदा येई. तिथे असली बातमी तपासत कोण बसतो? दीपश्री बसली.

"ह्या वेबसाइटला पत्ता नाही, फोन नंबर नाही. लिहिलंय कोणी, त्याचंही नाव नाही."

"पाणीच नाही म्हटल्यावर नाव घेऊन काय करायचंय?"

"धरणावरची पाटी तमिळमध्ये आहे की गं!"

"तमिळनाडूतलं आटलं, तर आपलं राहतंय होय?"

"फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे, आई."

"बघ! सहा वर्षं झाली आटून."

दीपश्रीने त्याच वेबसाइटवरची दुसरी बातमी दाखवली: रोज वाटीभर मीठ खा, पांढरे केस काळे होतील.

"ते खोटं असेल," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण पाण्याबद्दल खोटं बोलायला माणसाचं मन होतं का?"

"खानावळीतून डबे आणू?" दीपश्रीच्या वडिलांनी, बाळाचार्यांनी, दारातूनच विचारलं.

"पहिल्यांदा येणाऱ्या व्याह्यांना खानावळीचं? तुम्ही पेपर वाचा."

पावणेअकरा झाले. दीपश्री निवडलेल्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. साखरपुड्याआधीच सासरची माणसं उपाशी परत जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. एवढ्यात भिंतीपलीकडून कौसल्याबाई ओरडल्या, "अक्का, नीर बंतु! नळ आला!"

मोरीतला नळ खोकला, फुरफुरला आणि धो धो वाहू लागला. जयलक्ष्मीबाई धावल्या आणि कपाळावर हात मारून थांबल्या.

"अगोबाई, भरायला एक भांडं रिकामं नाही!"

नळाला ताजं पाणी आलं की घरातलं आधीचं पाणी शिळं, हा त्यांचा लग्नापासूनचा नियम. त्यापुढे बातमीचं काही चालेना.

"ओता, ओता ते शिळं! बघत काय बसलाय?"

तुळस, जास्वंद, अंगण, बाळाचार्यांची स्कूटर, सगळ्यांना आंघोळ घडली. मागून जयलक्ष्मीबाई रिकामं भांडं नळाखाली लावत होत्या. दीपश्रीने मधल्यामध्ये दोन कुकर, तीन पातेली आणि कढई पळवली आणि गॅसवर चढवली.

पाहुणे बारा चाळीसला आले. जेवायला बावन्न मिनिटं लागली. तारीख ठरायला चार.