रीतसर हरवण्याची सहल

मोजणीवाल्यांना वयाच्या साठाव्या वर्षी हरवायचे होते आणि त्यासाठी त्यांनी रीतसर आगाऊ नोंदणी केली होती.

खरे तर नोंदणी त्यांच्या मुलीने केली होती. मोजणीवाल्यांचे सारे आयुष्य जमिनी मोजण्यात गेले होते. दोन भाऊ हमरीतुमरीवर आले, की मध्ये उभे राहून बांध नेमका कुठून जातो हे सांगायचे आणि दोघांच्याही शिव्या खाऊन घरी यायचे, अशी ती नोकरी. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना सांगितले, आता स्वतःसाठी जगा. म्हणजे काय करू, असे त्यांनी विचारले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले आणि म्हणाले, प्रवास करा, प्रवासाने माणूस वाढतो. किती वाढतो, हे विचारायला मोजणीवाल्यांनी तोंड उघडले होते. पण बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला.

बायकोची तक्रार वेगळीच होती. लग्न झाल्यापासून ती कुठेही अचानक पोचली नव्हती. वळण यायच्या आत नवरा सांगायचा, "आता तळं दिसेल, डाव्या हाताला." मग तळे दिसायचे, डाव्याच हाताला. "एकदा तरी तळं मला आपलं आपण दिसू दे हो," ती म्हणायची. तो कबूल करायचा आणि पुढच्या वळणाआधी म्हणायचा, "सांगत नाही, पण टेकडी आहे."

म्हणून मुलीने ही सहल शोधून काढली. 'हरवल्याशिवाय माणूस स्वतःला सापडत नाही,' असे कंपनीच्या माहितीपत्रकावर छापले होते आणि खाली हरवण्याचे वेळापत्रक होते.

पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या अनुभव अधिकाऱ्याने सर्व प्रवाशांना पिवळ्या टोप्या वाटल्या. हा तरुण इतका शांत होता, की तो बोलत असताना पंख्याचा आवाज जास्त वाटायचा.

"सर, उद्या साडेदहाला आपण हरवाल. अकराला घाबराल. साडेअकराला शरण जाल, म्हणजे 'होऊ दे काय व्हायचं ते' असं वाटेल. पावणेबाराला अनोळखी माणसाचा चांगुलपणा. बाराला आनंद. साडेबाराला जेवण."

"आणि वाढ?" मोजणीवाल्यांनी विचारले.

"वाढ आतून होत असते सर. ती आम्ही जेवणानंतर विचारून घेतो."

शेवटच्या दिवशी होडीची सहल होती. होडी कुठे नेणार, हे आधी कोणालाही सांगत नसत. हे ऐकताच बायको खुर्चीत पुढे सरकून बसली. मोजणीवाल्यांनी ते पाहिले. होडीत मात्र फक्त यशस्वीपणे हरवलेल्यांनाच घेत असत.

"आणि जोडपं एकच धरलं जातं," अधिकारी म्हणाला. "एक हरवला नाही, तर दोघंही हरवले नाहीत."

दुसऱ्या दिवशी प्रवाशांचे फोन आणि घड्याळे कापडी पिशवीत जमा झाली आणि सगळ्यांना जुन्या गावातल्या गल्ल्यांत वेगवेगळ्या तोंडांशी सोडण्यात आले. गल्ल्यांच्या पाट्यांवर कंपनीने गोणपाट बांधले होते. दाताचे डॉक्टर म्हणून एक गृहस्थ होते, ते गाडीतून उतरले तेव्हाच हरवले. अकराची वाट न पाहता घाबरले आणि एका दाराला मिठी मारून रडले. दुपारी जेवताना ते फार हळू बोलत होते आणि पाण्याच्या पेल्याकडे पाहून हसत होते. त्यांची वाढ पहिल्याच दिवशी मंजूर झाली.

मोजणीवाल्यांनी वर पाहिले. सगळ्या छपरांवर टीव्हीच्या तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसल्या होत्या. दिशा कळली, मग काय राहिले? ते बायकोला घेऊन सरळ कंपनीच्या कचेरीशी परत आले. कचेरीला कुलूप होते. ज्या गाडीने त्यांना सोडले होते ती यायची होती. ते पायरीवर बसून राहिले.

"सर, कृपया तबकड्यांकडे पाहू नका," अनुभव अधिकारी म्हणाला.

"दिसतात हो त्या."

"इतर प्रवाशांनाही दिसतात. ते पाहत नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, बंद गाडीत बसवून, गावाभोवती गरगर फिरवले. बायकोला मळमळू लागले. मोजणीवाले मनातल्या मनात डाव्या वळणातून उजवे वळण वजा करत होते. उतरताना हातात एकच वळण उरले होते. ते त्यांनी खिशात टाकल्यासारखे केले आणि शहाण्यासारखे उभे राहिले. बायकोकडे पाहून थोडे घाबरूनही दाखवले.

पावणेबाराला एक आजोबा आले. त्यांच्या छातीवर 'अनोळखी' असा बिल्ला होता.

"वाट चुकलात का बाबांनो? या, घरी या. चहा घ्या. आपलंच घर समजा."

हे सगळे ठीक चालले होते. पण मोजणीवाल्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "कुठलं घर तुमचं?"

आजोबा गडबडले. हा प्रश्न त्यांना शिकवलेला नव्हता. त्यांनी इकडच्या गल्लीकडे पाहिले, तिकडच्या गल्लीकडे पाहिले. घर कंपनीने भाड्याने घेतलेले, आजोबा परगावचे आणि कामावर नुकतेच लागलेले. सकाळी ज्याने आणून उभे केले तो चहा प्यायला गेला तो गेलाच. "खरं सांगू का," ते हळूच म्हणाले, "मलाच कळेना झालंय मी आलो कुठून."

मग काय करायचे? मोजणीवाल्यांनी त्यांचा हात धरला, किल्लीवरचा घरक्रमांक पाहून त्यांना घरापर्यंत नेले, कुलूप उघडून दिले. बायकोने स्टोव्ह पेटवून चहा केला. आजोबांचे डोळे भरून आले. "जगात अजून चांगली माणसं आहेत," ते म्हणाले. हे वाक्य प्रवाशाने म्हणायचे होते.

संध्याकाळी कचेरीत सुनावणी झाली.

"सर, पावणेबाराचा चांगुलपणा आपण केलात. तो आमच्याकडून व्हायचा होता."

"म्हातारा माणूस उन्हात उभा होता."

"त्यामुळे आजोबांची वाढ झाली. त्यांनी नोंदणी केलेली नाही." अधिकाऱ्याने आवाज जराही चढवला नाही. "उद्या शेवटची संधी. एक विनंती आहे सर, आपण स्वतःच्या विकासाच्या आड येऊ नका."

रात्रीच्या जेवणात दाताच्या डॉक्टरांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "सोडून द्या." काय सोडायचे ते त्यांनी सांगितले नाही. ते आता कशाबद्दलच काही सांगत नसत.

खोलीवर आल्यावर बायको बराच वेळ पिवळ्या टोपीची दोरी सारखी करत बसली.

"रागावलीस?"

"नाही."

"मी मुद्दाम नाही करत गं. ते आपोआप होतं."

"माहीत आहे मला. तुम्ही हरवला नाहीत म्हणून माझं काही अडलं नाही. पण तुम्ही बरोबर असताना मी कधी हरवलेच नाही हो. सगळ्यांना वाटतं, किती नशीबवान बाई."

भिंतीवरचा आरसा किंचित डावीकडे कलला होता. तो सरळ करायला मोजणीवाले उठले आणि तसेच परत बसले.

सकाळी त्यांनी एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत केली नव्हती. गाडीने त्यांना सोडल्यावर ते बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू सांग. कुठे जायचं?"

बायकोने वळून पाहिले. नवऱ्याला ताप तर नाही ना, अशी शंका तिला आली. मग ती म्हणाली, "डावीकडे," आणि हात उजवीकडे केला.

मोजणीवाल्यांनी ओठ घट्ट मिटले आणि उजवीकडे निघाले. पुढच्या कोपऱ्यावर तिला एका भिंतीचा रंग आवडला, म्हणून तिकडे वळले. मग एक कुत्रे जात होते, त्याच्या मागे गेले. गल्ल्या संपल्या, गोणपाट बांधलेल्या पाट्या संपल्या. एक कालवा लागला. पाणी साचलेले, कुठल्याच बाजूला न वाहणारे. आभाळ एकसारखे भरलेले. छपरेच नव्हती, तर तबकड्या कुठून असणार? कालव्याच्या पलीकडे एक पत्र्याचे फाटक होते आणि आतून आवाज येत होता, जसे कोणी तरी लांबवर, तोंड न उघडता गात असावे.

आत भंगाराच्या बाटल्या होत्या. भिंतीला लागून, ओळीने, हजारो. सगळ्यांत पावसाचे पाणी साचलेले, कुठे बोटभर, कुठे गळ्यापर्यंत, आणि वारा त्यांच्या तोंडांवरून जात होता. कमी पाण्याची बाटली जाड आवाजात, भरलेली बारीक. वारा वळला, की गाणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई.

"काय पाहिजे?" एक बाई आतून ओरडली. तिच्या हातात खराटा होता.

"काही नाही," मोजणीवाल्यांची बायको म्हणाली.

"मग बसा," बाई म्हणाली आणि झाडायला लागली.

ते बसले. बायकोने एक बाटली ओठांशी धरून फुंकर मारली. आवाज असा निघाला, की ती स्वतःच दचकली आणि मग हसत सुटली. डोळ्यांना पदर लावून, पोट धरून. असे हसणे मोजणीवाल्यांनी फार वर्षांत ऐकले नव्हते. त्यांनीही एक बाटली उचलली. किती वेळ गेला कोण जाणे. मध्येच ते थांबले.

"अगं," ते म्हणाले, "उत्तर कुठे ते मला कळत नाहीये."

"मला तर कधीच कळत नव्हतं," ती म्हणाली. "काही बिघडत नाही."

परत यायला संध्याकाळ झाली. विचारत विचारत आले. दोघातिघांनी चुकीचेच सांगितले. पण पहिले छप्पर आणि पहिली तबकडी दिसली आणि मोजणीवाल्यांच्या डोक्यात सगळी वाट मागून पुढे आपोआप जुळत गेली. त्याला त्यांचा इलाज नव्हता.

अनुभव अधिकारी उभाच होता.

"सर, आपण मंजूर क्षेत्राबाहेर हरवलात."

"पण हरवलो. खरंच हरवलो."

"ते सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे सगळ्यांच्या हरवण्याची जागा असते. आपण कुठे हरवलात?"

"माहीत नाही," बायको पटकन म्हणाली आणि तिने नवऱ्याची बाही धरली.

"मग नोंद होणार नाही मॅडम. होडीत जागा देता येणार नाही."

मोजणीवाल्यांनी बायकोकडे पाहिले. त्यांना खुर्चीत पुढे सरकून बसलेली ती आठवली. शिवाय समोर एक माणूस जागा कुठे आहे असे विचारत होता, आणि या प्रश्नाला त्यांनी जन्मात 'माहीत नाही' म्हटलेले नव्हते.

"कालव्याच्या तिसऱ्या दरवाजापासून ईशान्येला," ते म्हणाले. "जरा कागद द्या."

त्यांनी नकाशा काढला. सुंदर काढला. फाटक दाखवले, भिंत दाखवली, बाटल्यांची ओळही ठिपक्यांनी दाखवली. बाही कधी सुटली ते त्यांना कळले नाही.

"अप्रतिम," अनुभव अधिकारी पहिल्यांदाच भारावून म्हणाला. "आपलं हरवणं मंजूर."

सकाळी सगळे होडीसाठी तयार होऊन उभे होते. गाडी नदीकडे न वळता कालव्याकडे वळली. "होडी रद्द केली आहे," अधिकाऱ्याने सांगितले. "त्याहून अस्सल अनुभव मिळाला आहे. रात्रभर माणसं कामाला लावली."

पत्र्याच्या फाटकाला पिवळा रंग दिला होता, तो अजून ओला होता. आत दोरी बांधली होती. कालची बाई खराटा न घेता उभी होती आणि तिच्या छातीवर बिल्ला होता.

"वाट चुकलात का बाई?" तिने पाठ केल्यासारखे विचारले. "या, बसा. आपलंच समजा."

"नाही," मोजणीवाल्यांची बायको म्हणाली. "चुकले नाही."

दाताचे डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "वा." एक माणूस नळीने बाटल्यांत पाणी सारखे करत होता, म्हणून आता सगळ्यांचा एकच आवाज येत होता.

या गोष्टीला वर्ष होऊन गेले. मोजणीवाले आणि त्यांची बायको हल्ली दर महिन्याला कुठे तरी जाऊन येतात. ती पुढे, ते मागे. कुठे गेला होता, असे विचारले की ते तोंड उघडतात, बायको बघते आणि ते म्हणतात, "लक्षात नाही बुवा." मुलीला त्यांच्या स्मरणशक्तीची काळजी वाटू लागली आहे. डॉक्टरांकडे नेते म्हणते.

कालव्यापलीकडच्या जागेला मात्र तुफान गर्दी असते. रांग तिसऱ्या दरवाजापर्यंत येते, प्रत्येकाला डोळे मिटायला थोडाच वेळ मिळतो. तुमचा फोटो पाहिला. पिवळी टोपी छान दिसते तुम्हाला. खाली तुम्ही लिहिले आहे, 'इथे कोणालाच न सांगता आलो आणि स्वतःला सापडलो.' त्या दिवशी वारा पडलेला असावा. तुमच्या मागे, बाटल्यांच्या बाजूला, पंखा दिसतो आहे.