पिवळोबाचं हिरवं पान

एका जंगलात, मुलांनो, विहिरीवर वाकलेली एक बाभूळ होती. जंगलात विहीर कुणी खणली, असं विचारू नका. गोष्ट पुढे जायची नाही.

त्या बाभळीवर पिवळोबा नावाचा सुगरणपक्षी राहायचा. हो, घरटं नरच विणतो. कौतुक उगाच मादीचं होतं. पिवळोबा गवताची पाती चिरायचा, अर्धं घरटं विणायचा आणि थांबायचा. मग चिवा पाहणीला यायची. तिच्या घराण्यातल्या सगळ्याजणींसारखी ती एक काडी चोचीत धरून जोरात ओढायची. काडी सुटली, की निघून जायची. पिवळोबा दुसरं घरटं विणायला घ्यायचा. पुढे पिल्लं उडून गेली, की जुनं घरटं खाली पडायचं आणि त्याची माती व्हायची. यावर परिषदा भरतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

त्याच जंगलात हुप्पेराव नावाचे एक वानर होते. मोठे उद्योगी. सहलीला आलेली माणसं निळी नायलॉनची दोरी टाकून जात, तिची ते पक्ष्यांसाठी घरटी बनवत. झटपट आणि सगळी एकसारखी. ती तुटली की ओढ्यात पडत, हरणांच्या पायांत अडकत. कुणी काही बोललं नाही. एके दिवशी मात्र दोरी सिंहमहाराजांच्या आयाळीत अडकली, आणि जंगलाला एकदम पर्यावरणाची काळजी वाटू लागली.

फर्मान निघालं. येत्या पौर्णिमेपासून ‘हिरवं पान’ लावलेलं घरटंच चालेल. बाकीची अंड्यांसकट खाली ओढली जातील. पान द्यायला समिती नेमली. अध्यक्ष घोरपडबाई. कुठेही चिकटल्या की सुटायच्या नाहीत, हा त्यांचा अनुभव मोठा. पानांसाठी समितीच्या दारातला करंज ओरबाडून बोडका केला.

चिवाचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. पिवळोबा अर्ज घेऊन धावतपळत समितीपुढे गेला.

“पूर्वी एका घरट्याला किती दोरी लागायची?” घोरपडबाईंनी विचारलं.

“मुळीच नाही, बाई.”

“आणि आता?”

“आताही नाही.”

“म्हणजे सुधारणा शून्य.” बाईंनी शेरा मारला. “हे हुप्पेराव बघा. चाळीस हात दोरी लागायची, ती तीसवर आणली. याला म्हणतात तळमळ!”

हुप्पेराव पान लावून, छाती काढून उभेच होते.

“पण बाई, माझं तर सगळंच गवताचं...”

“अहो, वाईट काही केलंच नाहीत, तर कमी काय करणार? आधी एक दोरीचं घरटं करा. आम्ही येऊन मोजू. मग गवताचं करा. पान नक्की!”

पिवळोबा दोरी घेऊन आला. आता अडचण अशी, की त्याला वाईट विणताच येत नव्हतं. मोजण्यापुरतं काहीतरी गुंडाळायचं, तर हा पठ्ठ्या दोरीसुद्धा जीव ओतून विणत बसला. समितीने मोजलं. पस्तीस हात. शाबासकी मिळाली. मग तो गवत आणायला माळावर गेला.

इकडे चिवा आली. तिने रीतीप्रमाणे दोरी चोचीत धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. छे! असं पक्कं घर तिच्या आजीनेही पाहिलं नसेल. ती हरखून आत शिरली.

पिवळोबा तीन-चार दिवसांनी परतला तेव्हा आत तीन अंडी होती.

“अगं, हे राहण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी आहे!”

“मग इतकं चांगलं कशाला विणलंत?” चिवा म्हणाली.

अंडी हलवता येईनात. पिवळोबाने शेजारी गवताचं घरटं विणून ठेवलं. तेवढ्यात पावसाने उघडीप दिली आणि चार दिवस कडक ऊन पडलं. गवतातून वारा खेळतो. दोरी नुसती तापत राहिली. चिवा पंखांनी वारा घालून घालून थकली. पाचव्या दिवशी ती बाहेर येऊन फांदीवर बसली.

“मी ओढून पाहिलं होतं हो,” ती म्हणाली. “दोनदा पाहिलं होतं.”

आणि ती उडून गेली. पिवळोबाला तिच्यामागे जायचं धैर्य झालं नाही.

पौर्णिमेला समिती वाजतगाजत आली. घोरपडबाईंनी गवताच्या घरट्यात डोकावून पाहिलं.

“पस्तीस हातांवरून थेट शून्य! आणि आत स्वच्छता तरी किती! एक पीस नाही, की एक कवच नाही. आदर्श घरटं!”

टाळ्या पडल्या. पान लावलं गेलं.

“बाई, अंडी गेली माझी,” पिवळोबा म्हणाला.

घोरपडबाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“असा रकाना यात नाही,” त्या म्हणाल्या.

तात्पर्य: मुलांनो, पहिल्यापासून चांगलं वागू नका. पुढे सुधारायला जागा उरत नाही.