स्वाराने उचलावयाची लीद

ग्रामपंचायतीची नोटीस गोजरबाई मोठ्याने वाचत होत्या आणि त्यांचे यजमान कारभारी वाघचौरे घोडीला खरारा करीत ऐकत होते. नोटिशीत नमूद केले होते की, सेवानिवृत्त मुख्याध्यापक श्री. राधाकृष्ण देवकर हे शनिवारी सकाळी मारुतीला तेल घेऊन जात असता, वाघचौरे यांच्या चांदणी नावाच्या घोडीने भर रस्त्यात टाकलेल्या लिदेवरून घसरून पडले. त्यांचे धोतर डागाळले, तेल सांडले. सबब या विषयावर ग्रामसभा बोलावण्यात येत आहे.

"तेल सांडलं ते बी लिव्हलंय?" कारभाऱ्यांनी विचारले.

"किती सांडलं ते बी लिव्हलंय. पावशेर."

"गुर्जी पडले तरी मोजत पडत्यात," कारभारी म्हणाले आणि खरारा पुढे चालू झाला.

कोपरगावपासून अर्ध्या तासावर असलेल्या नांदूरखेड्यात लग्नाची घोडी ही एकच. आसपासच्या दहा गावांतले नवरदेव चांदणीच्या पाठीवरून मारुतीला गेले होते. गोठ्यातली लीद कारभारी रोज दोन्ही हातांनी भरत. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पण रस्त्यावरची लीद उचलायची नाही, हा त्यांचा बाणा होता. "वरातीत घोडीवाला घमेलं घेऊन वाकला, तर लोक नवरदेवाकडं बघतील का घमेल्याकडं?" असा त्यांचा सवाल असे, आणि त्याचे उत्तर आजवर कोणी दिले नव्हते.

ग्रामसभेत ते उत्तर द्यायला गुरुजी उभे राहिले. सार्वजनिक रस्ता हा सर्वांचा असतो आणि जो सर्वांचा असतो तो कोणा एकाचा गोठा असू शकत नाही, या वाक्याने त्यांनी आरंभ केला. शेवट अर्ध्या तासाने झाला.

"गुर्जी, एक सांगा," कारभारी उठले. "कारखान्याला रोज साठ बैलगाड्या ऊस जातोय ह्याच रस्त्यानं. ते बैल काय शेण खिशात घालून नेत्यात व्हय?"

"बैलाचे शेण पडताक्षणी बायाबापड्या उचलतात. लीद कोणीही उचलत नाही. म्हणून शेण हा उपद्रव ठरत नाही आणि लीद ठरते."

"मंग लोकांनी लीद बी उचलावी की! घोडीनं काय दडवून ठिवलीय?"

हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या हातात ठरावाचा मसुदा होता. "लीद मालकाने उचलावी," त्यांनी वाचले.

"मालक म्या न्हाईच. चांदणी गोजराला माहेराहून आंदण आलीया."

"आन् मी तिला रस्त्यावर कवाच नेत न्हाई," बायकांच्या बाजूने गोजरबाईंनी पुस्ती जोडली.

गुरुजींनी 'मालकाने' हा शब्द खोडून 'लगाम धरणाऱ्याने' असे लिहिले.

"लगाम तिच्या मानंवर टाकून म्या मोकळा चालतो. इचारा कुनालाबी."

गुरुजींनी तेही खोडले. ज्यातून पळवाट निघते ती वाक्यरचनाच नव्हे, असे त्यांनी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले होते. त्यांनी चष्मा पुसला, पाच मिनिटे सभेला ताटकळत ठेवले आणि मग कलम तीन वाचून दाखवले: 'घोड्यावर जो स्वार असेल त्याने, घोडे पुढे नेण्यापूर्वी, रस्त्यावर पडलेली लीद स्वतःच्या हाताने उचलावी. प्रतिनिधी चालणार नाही. कसूर झाल्यास त्या घोड्यास गावच्या रस्त्यांवर एक वर्ष बंदी राहील.'

वर्षभर बंदी म्हणजे चांदणी गोठ्यात आणि कारभारी ओसरीवर. ते काही बोलण्यासाठी उठले. पण मध्येच त्यांच्या चेहऱ्यावर एक विचार उमटून गेला आणि ते मुकाट खाली बसले. सरपंच राजेश्वरीताईंनी ठराव एकमताने संमत झाल्याचे जाहीर केले.

"गप का बसला हो?" घरी येता येता गोजरबाईंनी विचारले.

"पुढच्या रविवारी परण्याच्या मिरवणुकीला घोडी कुनाची लागनारंय?"

"गुर्जींच्या पोराला, ओंकारला. सुपारी कवाच घेतलीय तुमी."

"मंग घोडीवर स्वार कोन आसंल?"

गोजरबाई रस्त्यातच थांबल्या.

सुपारी परत करण्याचा विचार दोन्ही घरांत कोणाला शिवला नाही. दिलेली सुपारी मोडणे गुरुजींच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि घेतलेली परत करणे कारभाऱ्यांच्या. रविवारी सकाळी चांदणीपुढे लसूणघासाच्या एका पेंढीऐवजी तीन पडलेल्या गोजरबाईंनी पाहिल्या. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

मिरवणूक थाटात निघाली. पुढे बँड, मध्ये चांदणीवर शेरवानी आणि मुंडावळ्यांतला ओंकार, शेजारी फेटा बांधलेले गुरुजी. गुरुजींच्या थोरल्या बहिणीला, भागूबाईंना, एकच चिंता होती. देवकरांच्या घराण्यात घोडीवर बसलेल्या नवरदेवाचा पाय मारुतीच्या पायरीआधी भुईला लागत नसे. चार पिढ्यांत लागला नव्हता.

बरोबर ग्रामपंचायतीसमोर चांदणी थांबली. तिने शेपटी उचलली, आणि तीन पेंढ्यांचा हिशोब रस्त्यावर मांडला.

कारभाऱ्यांनी काखेतले गाठोडे सोडले. आत एक कोरे घमेले होते. त्याच्या काठाला झेंडूची माळ बांधलेली होती. ते त्यांनी अदबीने वर, नवरदेवाच्या हाती दिले.

"हा काय चावटपणा, कारभारी?" गुरुजी गरजले.

"चावटपणा न्हाई, गुर्जी. कलम तीन."

बँड थांबला. ओंकार घमेले घेऊन उतरू लागला, तोच भागूबाई ओरडल्या, "पाय खाली टेकवशील तर याद राख! तुझ्या आज्यानं टेकवला न्हाई, बापानं टेकवला न्हाई!"

"अगं आत्या, मग उचलू कसं?"

"वरूनच उचल!"

ओंकारने वाकून पाहिले. हात पोचेना. तो आणखी वाकला तशी चांदणी त्याच्या भाराने वळली. लीद एका बाजूला राहिली आणि नवरदेव दुसऱ्या बाजूला. अशा तीन प्रदक्षिणा झाल्या. मुंडावळ्या कानावर आल्या. कोणीतरी म्हणाले, मुहूर्ताला पाऊण तास उरला.

"सरपंचबाई, तेवढा ठराव रद्द करा की!" वऱ्हाडातून आवाज आला.

"मला चालेल," राजेश्वरीताई म्हणाल्या. "समदं गाव इथंच हाय. घ्यायची का ग्रामसभा?"

"अजिबात नाही!" हा आवाज गुरुजींचा होता. "सात दिवसांच्या सूचनेवाचून भरवलेली ग्रामसभा बेकायदेशीर आहे. माझ्या मुलासाठी नियम वाकणार असेल, तर तो नियम मी करायलाच नको होता."

"मंग लगीन?"

गुरुजींनी खिशातून ठरावाची प्रत काढली आणि ती शांतपणे वाचली. "कलमात 'जो स्वार असेल' एवढेच आहे. लीद पडताना जो स्वार होता तो, असे कोठेही नाही. ओंकारला भुईला पाय न लावता खांद्यावर घ्या. मी घोडीवर बसतो. म्हणजे स्वार मी. उतरून लीद मी उचलीन."

"नवरदेवाला खांद्यावर कोन घ्यायचं?" कारभाऱ्यांनी विचारले.

"तुम्ही. नवरदेवाला मारुतीपर्यंत पोचवण्याची सुपारी तुम्ही घेतली आहे. घोडीवरून की कशावरून, असे ठरले नव्हते."

कारभाऱ्यांनी काचा मारला आणि खांदा पुढे केला. सहा फूट उंच, सत्तर किलोंचा ओंकार त्यांच्या खांद्यावर आला. चौघांनी मिळून गुरुजींना चांदणीवर चढवले.

आता बँडवाल्यांना ठरावातले काय ठाऊक? त्यांनी फेटेवाला माणूस घोडीवर पक्का बसलेला पाहिला आणि ढोलावर काठी टाकली. ढोल वाजला की मारुतीकडे चालायचे, हे चांदणी दहा गावांत शिकलेली. लगाम धरायला कोणी नव्हते. ती नाचत निघाली.

"थांबवा! अगं थांब! मला उतरायचे आहे!" गुरुजी दोन्ही हातांनी आयाळ धरून ओरडत होते. मागून कारभारी नवरदेवाला घेऊन पळत होते. देवळापाशी औक्षणाचे ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी फेटा पाहिला आणि गुरुजींनाच ओवाळले. चूक ध्यानात आली तेव्हा ओंकारचा पाय कारभाऱ्यांच्या खांद्यावरून थेट मारुतीच्या पायरीवर उतरला होता. भागूबाईंचा मात्र त्या वेळी कोठेच पत्ता नव्हता.

लग्न मुहूर्तावर लागले. अक्षता पडताच गुरुजी, जेवणही न घेता, ग्रामपंचायतीसमोर परतले. रस्ता स्वच्छ होता. लीद नव्हती. घमेलेही नव्हते.

"माझी लीद कोणी उचलली?" त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली.

राजेश्वरीताईंनी नाइलाजाने नोंदवही उघडली. "गुरुजी, नियमानं कसूर झाली. घोडी पुढं गेली, लीद स्वारानं उचलली न्हाई. चांदणीला बंदी."

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. "ताई, तिचा काय दोष? माझी खोडी हुती ती. तीन पेंढ्या म्याच घातल्या."

"बंदी घालता येणार नाही," गुरुजी म्हणाले. "कलमात 'घोडे पुढे नेण्यापूर्वी' असे आहे. मी घोडी नेली नाही. तिने मला नेले. याला अख्खे गाव साक्षी आहे. सबब मुदत संपलेली नाही. मला फक्त लीद मिळाली पाहिजे."

कारभारी तडक घरी गेले आणि भरलेले घमेले डोक्यावर घेऊन, भर बाजारातून, मान ताठ ठेवून परत आले.

"तिचीच हाय, गुर्जी. आजचीच."

"कलमात 'रस्त्यावर पडलेली' असे आहे."

कारभाऱ्यांनी घमेले रस्त्यावर पालथे केले. फेटा सावरीत गुरुजी वाकले. पासष्ट वर्षांच्या माणसाची ती पाठ कारभाऱ्यांना बघवेना, तेही वाकले.

"हात लावू नका. प्रतिनिधी चालणार नाही."

"हात लावत न्हाई. घमेलं तरी धरू द्या."

लीद भरून होते न होते, तोच कोपऱ्यावरून भागूबाई आल्या. त्यांच्या काखेत झेंडूची माळ बांधलेले कोरे घमेले होते, रिकामे.

"आजून पडली व्हय? बरं झालं. पहिलीत दोडक्याचा एकच वेल भागला."

"ताई! ती लीद तू नेलीस?" गुरुजी किंचाळले.

"मंग? इतकं झ्याक खत रस्त्यावर सोडून कोन जाईल? चार वर्सं झाली, रोज म्याच नेतीया. त्या शनिवारी गुडघा धरला हुता म्हनून तेवढी ऱ्हाइली."

कारभारी हळूच म्हणाले, "गुर्जी, लीद बी लोक उचलत्यात म्हनायची."

सात दिवसांची रीतसर सूचना देऊन गुरुजींनी पुढच्या ग्रामसभेत कलम चार मांडले: 'स्वाराने उचलण्यापूर्वी रस्त्यावरील लिदेस अन्य कोणीही हात लावू नये.' त्याला अनुमोदन देण्यासाठी कारभारी वाघचौरे स्वतःहून उभे राहिले.

विरोधात एकच हात वर गेला. दुसऱ्या हाताने भागूबाईंनी घमेले घट्ट धरले होते.