‘लावा’चं एकमेव गाजलेलं गाणं

“वर्षभरात झाशीतल्या घराघरात आपलं गाणं वाजणार! लिहून घ्या!” सलीलने गिटारवर थाप मारून जाहीर केलं.

“आधी आपल्या घरात तरी वाजू दे. शेजारचे भांडायला आलेत,” त्याची आई प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

‘लावा’ हा झाशीचा पहिलावहिला रॉक बँड, असं निदान सलीलचं म्हणणं होतं. गायक सलील, ड्रमवर उर्वी, बेसवर तेजस. पहिला कार्यक्रम झाशीजवळच्या समथर गावात झाला. तिथल्या मंडळींनी ‘बँड’ म्हणजे वरातीचा समजून घोडा सजवून ठेवलेला! उर्वीने ड्रम बडवले मात्र, घोडा उधळला आणि नवरदेव भलत्याच मांडवात पोचला!

पण सलील खचणारा नव्हता. नुकत्याच झालेल्या प्रेमभंगाची सगळी आग ओतून त्याने गाणं रचलं: “अंदर जो सड़ रहा है, बाहर निकालो!” रेकॉर्ड केलं आणि ओळखीपाळखीत वाटलं.

एका सकाळी तो दात घासत असताना गल्लीतून त्याचाच आवाज घुमला. तोंडात ब्रश, अंगात बनियन, तसाच तो बाहेर धावला! ओरछा गेटच्या वळणावर कचरागाडी उभी होती आणि तिच्या भोंग्यावर ‘लावा’!

“सलील भैया, सुपरहिट!” ड्रायव्हर नीरज ओरडला. “पुराने गाने पे आधा मोहल्ला सोता रहता था. अब सब बाल्टी लेके दौड़ते हैं!”

सलीलचं तोंड पेस्टसकट कडू झालं.

“रडतोस काय? रोज वाजतंय!” संध्याकाळी तालमीला उर्वी म्हणाली.

तेवढ्यात बातमी आली, दिल्लीच्या म्युझिक कंपनीच्या स्वाती मॅडम बँड ऐकायला येणार! सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. समोर खुर्च्या भरपूर, माणसं अकरा. स्वाती मॅडम जांभया देऊ लागल्या. आता नाही तर कधीच नाही! सलीलने डोळे मिटले आणि तो किंचाळला, “बाहर निकालो!”

नेमकी त्या दिवशी तिथे नीरजची कचरागाडी आलीच नव्हती.

आजूबाजूच्या बंगल्यांची दारं धडाधड उघडली. बायका, आजोबा, पोरंटोरं, सगळे बादल्या घेऊन धावत सुटले! “रुको भैया! रुको!” मैदान भरलं. गाडी दिसेना म्हणून एका काकूंनी दुधीच्या साली सरळ गिटारच्या पेटीत ओतल्या. मागोमाग रांगच लागली!

सलीलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण स्वाती मॅडम खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होत्या.

“क्या कॉन्सेप्ट है! पब्लिक अपना दर्द स्टेज पे फेंक रही है!”

“जी मॅडम, हमेशा फेंकती है,” तेजस गंभीरपणे म्हणाला.

जागच्या जागी पाच शहरांचा दौरा पक्का झाला! सलीलने आईला उचलून गरागरा फिरवलं, नीरजला पेढे भरवले.

दुसऱ्या दिवशी भोपाळच्या आयोजकाचा फोन आला. सलीलने ऐटीत उचलला.

“सलीलजी, साउंड, लाइट सब रेडी. बस ये बताइए, कचरा आप लाएँगे या हम इंतज़ाम करें?”