डोंगराचं नाक

फोटोवाल्यांच्या घरात त्यांच्या बायकोचा एकही धड फोटो नव्हता. अख्ख्या गावाचे फोटो काढता काढता तीस वर्षं गेली आणि घरचं काम उद्यावर राहिलं. शेवटी तिने एकदाचं सांगून टाकलं, "येत्या रविवारी डोंगरावर जायचं. खऱ्या डोंगरापुढे माझा एक फोटो काढायचा. एवढंच मागते."

'खऱ्या' म्हणायला कारण होतं. स्टुडिओत त्या प्रसिद्ध सुळक्याचा पडदा होता, फोटोवाल्यांनी स्वतः रंगवलेला. कुणा प्रवाशाच्या निगेटिव्हचा उजेड कापडावर पाडून त्यांनी रेघ न् रेघ गिरवली होती. सुळक्याचं वाकडं नाक उजवीकडे. त्या नाकाखाली बसून काढलेला फोटो गावात घरोघरी होता. प्रत्यक्ष डोंगरावर मात्र कुणीच गेलं नव्हतं. पडदा असताना पाय कोण दुखवून घेईल?

रविवारी दोघं बसमधून उतरून सुळक्यासमोर उभी राहिली. नाक डावीकडे होतं.

बसवाल्याने मागच्या बाजूला उतरवलं, असं फोटोवाल्यांनी जाहीर केलं. समोरची बाजू हीच, असं तिथला चहावाला सांगू लागला, तेव्हा त्यांना त्याची कीवच आली. "तीस वर्षं ओळखतो मी याला," ते म्हणाले.

हट्टाला औषध नसतं. काट्याकुट्यांतून बायकोला घेऊन त्यांनी डोंगराला वळसा घातला. दोन तासांनी पलीकडे पोचले, तर नाक अगदी बरोबर उजवीकडे. नाकाखाली पाण्याची टाकी, संडासांची रांग आणि वाळत घातलेल्या चादरी. टाकी चुकवत, चादरी टाळत त्यांनी बायकोचे दहा-बारा फोटो काढले, पण प्रत्येकात काहीतरी आलंच. मग ते कॅमेरा मांडीवर ठेवून दगडावर बसले.

"निगेटिव्ह उलटी घातली होती मी," ते म्हणाले.

तिला जे हसू फुटलं, ते परतीच्या वाटेवरही आवरेना. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. शेवटची बस हॉर्न देत होती, तिच्या मागे डाव्या नाकाचा सुळका होता, तिचे केस विस्कटले होते, चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती पोट धरून हसत होती. तेवढ्यात त्यांनी तो काढला. घरी धुतल्यावर फोटोवाले त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. इतकी सुंदर बायको आपल्या घरात आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने तो मोठ्या हौसेने शेजारीपाजारी दाखवला. सगळ्यांना डोंगर भलताच वाटला. जाऊबाईंनी तर स्वतःच्या भिंतीवरचा फोटो आणून शेजारी ठेवला आणि निकाल दिला, "भाऊजींनी तुला जवळच्याच कुठल्यातरी टेकडीवर नेलंय."

तिचं तोंड एवढंसं झालं. ते फोटोवाल्यांना बघवेना. त्यांनी निगेटिव्ह उलटी घालून दुसरा फोटो छापला. आता डोंगर शेंबड्या पोरानेही ओळखला असता. तिने तो हातात घेतला. डाव्या गालावरचा तिचा तीळ उजव्या गालावर गेला होता.

"ही कोण?" तिने विचारलं. "लोकांना डोंगर पटावा म्हणून मला उलटी केलीत?"

फोटोवाल्यांनी तो फाडून टाकला. पहिला फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक पडद्यासमोरच्या स्टुलावर बसता बसता म्हणालं, "काकू छान आल्यात हो काचेतल्या फोटोत. पण डोंगर चुकलाय."

"चुकू दे," फोटोवाले पडद्याची सुरकुती काढत म्हणाले. "तीळ बरोबर आलाय."