पट्टी काळी चार

"बाबा, डू नॉर्माल!" "नीट वाग" या अर्थानं ऋजुता दात ओठ खात डचमध्ये कुजबुजली आणि या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

तिचं तरी काय चुकलं? हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या भर रस्त्यात, शनिवारी सकाळी, तिचा सत्तेचाळीस वर्षांचा बाप पदपथाच्या कडेला गुडघे टेकून बसला होता. हातात दोरी, दोरीला फ्रिजवरचं लोहचुंबक, आणि ते चुंबक तो गटाराच्या कडेकडेनं गळ टाकल्यासारखा ओढत होता. एवढ्यात चुंबकाला खट्कन काहीतरी चिकटलं.

"मिळाली! ऋजू, मिळाली! अख्खी वीतभर आहे बघ!"

मिळाली होती ती एक गंजकी पोलादी पट्टी. इथे रस्ते झाडायला गाडी येते. तिच्या पोटाखालच्या गोल ब्रशाचे पोलादी केस अधूनमधून तुटून रस्त्याकडेला पडतात. जगाच्या दृष्टीनं तो कचरा. संजीवच्या दृष्टीनं ते सोनं, कारण असली लवचीक पट्टी विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही, आणि तिच्यावाचून त्याचा बोटांचा पियानो वाजत नाही.

हा बोटांचा पियानो म्हणजे फार काही नसतं. सिगारचा रिकामा लाकडी डबा घ्यायचा. त्यावर लाकडाची एक घोडी बसवायची, तिच्यावर पाच-सात पोलादी पट्ट्या आडव्या सळईखाली घट्ट आवळायच्या आणि मोकळी टोकं दोन्ही अंगठ्यांनी छेडायची. आखूड पट्टी उंच बोलते, लांब पट्टी खाली. संजीवनं गेल्या हिवाळ्यात पहिला डबा केला तेव्हा बायकोच्या, मालिनीच्या केसांच्या पिना गेल्या. दुसऱ्याला करवतीची पाती गेली. आता सातवा डबा चालू होता आणि शेजारच्या बाडहूव्हडॉर्प गावचा सिगारवाला त्याला लांबून पाहूनच रिकामे डबे काढून ठेवत होता. मालिनी या वाद्याला "टुंगटुंगी" म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची असं कोणी समजू नये.

सगळं पुढचं रामायण त्या मालिनीच्याच हातून घडलं. एका संध्याकाळी तिनं नवऱ्याचं वाजवणं फोनवर टिपलं आणि "बघ गं ताई, रोज हे असं सहन करते मी" असं लिहून बहिणीला पाठवलं. म्हणजे तिला वाटलं बहिणीला पाठवलं. गेलं ते महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर.

मालिनी पुसायला धावली, तोवर उत्तर येऊन पडलंही होतं. उत्तर कुमुदिनीताईंचं. कुमुदिनीताई म्हणजे मंडळाच्या गानकोकिळा. वय चौसष्ट, मुक्काम आइंडहोव्हनला मुलाकडे, आणि पाडव्याच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं त्यांचं, हे ठरलेलं. त्यांना पेटीची साथ करणारा गौरव नेमका सायकलवरून पडून मनगट प्लास्टरात घालून बसला होता. ताईंनी लिहिलं: "हे कोण वाजवतंय? माझ्या गाण्याला हेच हवं!"

संजीवनं तो निरोप तीनदा वाचला. मग मालिनीला मोठ्यानं वाचून दाखवला. मग खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"मालिनी, अकरा वर्षं! अकरा वर्षं मी त्या मंडळात खुर्च्या लावतोय आणि खुर्च्या उचलतोय. स्टेजवर गेलो तो फक्त माइकची वायर चिकटवायला. आणि आता मी साथीला बसणार!"

"अरे हो, पण जमणार का तुला?"

"न जमायला काय झालं? मी जमवणारच!"

त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून मालिनीला गलबलून आलं. चिडवायचं मनात आलं होतं, ते तिनं गिळलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला.

"संजीवराव, तेवढं पट्टीचं ध्यानात ठेवा हं. माझी पट्टी काळी चार."

"काळी... चार?"

"काळी चार. कॉलेजपासून. मी बदलत नाही."

संजीवनं समोरच्या डब्याकडे पाहिलं. घासूनपुसून लख्ख केलेल्या सात पट्ट्या. "ताई, माझ्याकडे सध्या सगळ्या पांढऱ्याच आहेत हो."

"तेच म्हणते मी! पांढरीत माझा आवाज उमलत नाही. तुम्ही काळी चार करून घ्या. इंजिनियर आहात ना?"

"घेतो ना! अहो, त्यात काय!"

आता ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. गायक पेटीवरच्या ज्या पट्टीपासून सा धरतो ती त्याची पट्टी, आणि काळी चार म्हणजे चौथी काळी. पण संजीवच्या घरी पेटी नव्हती. त्याचं उभं आयुष्य विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यांचं गणित करण्यात गेलेलं. त्याच्या लेखी पट्टी म्हणजे पट्टी. मापायची, कापायची, बसवायची. ताईंना चार काळ्या हव्यात तर चार काळ्या.

"पण चारच का? सातही का नाही?" मालिनीनं विचारलं. गाण्यातलं तिलाही यथातथाच कळत होतं.

"कलावंत माणसं ती. असेल त्यांची काही श्रद्धा."

"मग काळा रंग फास आणि मोकळा हो."

"छे छे! रंगानं पट्टी जड होते, सूर बसतो. काळी म्हणजे मुळातच काळी पाहिजे!"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हेच. कार्यक्रमाला पाच दिवस राहिलेले, आणि हा पठ्ठ्या सायकल काढून झाडूगाडीच्या मागे लागला. गाडी वळली की हा वळे, गाडी थांबली की हा वाकून ब्रश न्याहाळी. तिसऱ्या दिवशी गाडीवाला खाली उतरला. सहा फूट चार इंच.

"तुम्ही खेमेंटेकडून, नगरपालिकेकडून आलात का? माझी तपासणी चाललीय?"

"नाही, नाही! मी संगीताकडून आलोय," संजीव आपल्या मोडक्या डचमध्ये म्हणाला. "मला केस हवेत. काळे."

गाडीवाल्यानं आपल्या टकलावरून हात फिरवला. संजीवनं घाईघाईनं खिशातला डबा काढून टुंगटुंग वाजवून दाखवला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गडी खूश झाला! गाडीतून त्यानं मूठभर काळेभोर केस आणून दिले. संजीव उड्या मारत घरी आला, चार पट्ट्या बसवल्या, छेडल्या. फट, फट, फट, फट. काळे केस प्लास्टिकचे होते.

पण गाडीवाला आता या कामात मनापासून गुंतला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच हात करून संजीवला थांबवलं आणि स्टेशनाजवळचा कचऱ्याचा डबा दाखवला. आदल्या दिवशी वारा सुटला होता, आणि डब्यात उलट्या झालेल्या छत्र्या खच्चून भरल्या होत्या. छत्रीच्या काड्या! काळ्या, लवचीक, हातोडीनं ठोकून सपाट केल्या की झाली पट्टी! संजीवनं त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. नऊ छत्र्या काखोटीला मारून तो घरी आला आणि दिवाणखान्यात त्यांचं शवविच्छेदन मांडलं.

एकीची काडी ॲल्युमिनियमची, दुसरीची फायबरची. नऊच्या नऊ तसल्याच, पोलादी एकही नाही.

संजीव त्या सांगाड्यांमध्ये मांडी घालून बसला. कार्यक्रम परवावर आलेला. "कळवून टाकतो ताईंना," तो म्हणाला. "आपलं काम खुर्च्यांचंच. तेच बरं."

 मालिनी उठून आतल्या कपाटाकडे गेली आणि आपली लांब दांड्याची काळी छत्री घेऊन आली. पुण्याहून आणलेली, वीस वर्षं जपलेली. इथल्या वाऱ्यातही कधी उलटली नव्हती, कारण काड्या अस्सल पोलादी.

"अगं, ही?"

"घे म्हणते ना. आणि तोंड असं पाडू नकोस, मला नाही बघवत."

त्या दोन दिवसांत संजीवनं जे काम केलं तसं कंपनीत कधी केलं नसेल. डबा ज्या सुरात मनापासून घुमला तो त्यानं सा धरला आणि बाकीच्या पट्ट्या फोनवरच्या ॲपवर मागेपुढे सरकवत जुळवल्या. तीन पांढऱ्या, चार काळ्या. आवाज असा गोड लागला की ऋजुतासुद्धा खोलीतून बाहेर येऊन "नॉट बॅड" म्हणाली. तालीम कार्यक्रमाच्याच दिवशी, रविवारी सकाळी ठरली होती. रुळांचं काम निघालं, ताईंची गाडी रखडली, आणि त्या पोचल्या तेव्हा निवेदक त्यांचं नाव पुकारत होता.

हॉल गच्च भरलेला. ताई बसल्या, बाजूला संजीव, रेशमी झब्ब्यात. ताईंनी फोनवरचा तानपुरा सुरू केला, डोळे मिटले आणि मान हलवली. संजीवनं जीव ओतून पट्टी छेडली.

तानपुरा एकीकडे, डबा तिसरीकडेच. पहिल्या रांगेत बसलेल्या गौरवनं प्लास्टरातल्या हातानं कान झाकला.

ताईंनी डोळे उघडले. "संजीवराव, पट्टी?"

"काळी चार, ताई." संजीवनं डबा उचलून त्यांच्यापुढे धरला. "ही एक, ही दोन, ही तीन, ही चार."

माइक चालू होता. हॉलमध्ये जो हशा फुटला, तो आवरेना. गौरव तर खुर्चीत दुमडला. संजीवला नक्की काय झालं ते उमगलं नाही, पण काहीतरी भयंकर चुकलंय आणि ते आपलंच, एवढं कळलं. त्याचे कान तापले. पुन्हा या स्टेजवर आपण येत नाही, हे त्यानं ओळखलं.

"या काळ्या आणल्यात कुठून?" ताईंनी माइकवर हात ठेवून विचारलं.

"मालिनीच्या छत्रीच्या आहेत. आधी झाडूगाडीमागे फिरलो, पण तिच्या प्लास्टिकच्या निघाल्या. तुम्ही म्हणालात पांढरी चालत नाही, म्हणून..."

ताईंनी त्या चार काळ्या काड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि तानपुरा एकेक पायरी उतरवत नेला. एक, दोन, तीन. तिसऱ्या पायरीला तानपुरा आणि डबा एकमेकांत मिसळून गेले.

"वाजवा," ताई म्हणाल्या.

त्या गायल्या. गाण्याच्या अंतऱ्यात एक उंच जागा होती. दर वर्षी ती आली की ताईंच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि मंडळी आपापले बूट न्याहाळायची. या वर्षी आवाज तिथे अलगद जाऊन बसला आणि तिथेच रेंगाळला. मागून छत्रीच्या काड्या थेंबाथेंबानं ठिबकत होत्या. गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात, "पुन्हा, पुन्हा" झालं, आणि ताईंनी खरंच पुन्हा म्हटलं. मालिनी तिसऱ्या रांगेत बसून बेधडक रडत होती.

कार्यक्रमानंतर श्रीखंडाच्या रांगेत गौरव ताईंजवळ आला. "ताई, दहा वर्षांत असा आवाज ऐकला नाही तुमचा! मी म्हणतच होतो, पट्टी जरा उतरवा. आज पांढरी चार होती ना?"

रांग थबकली. ताईंनी पदर सावरला.

"पांढरी? गौरव, तुझा हात मोडलाय, डोळे तर शाबूत आहेत ना? मी काळी चारमध्येच गायले. आणि कोजागिरीलाही तीच पट्टी, साथीला संजीवरावच." त्यांनी संजीवच्या हातातला डबा घेऊन गौरवच्या नाकासमोर धरला. "खोटं वाटत असेल तर मोज."

गौरवनं मुकाट्यानं मोजल्या. चार भरल्या.